प्रकाशकोन आणि चटईक्षेत्र : मुंबईतील घरबांधणीचे नियम व त्यांतील सवलती

मुंबईच्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने विसाव्या शतकाच्या आरंभी राहत्या खोलीतील उजेड मोजण्याची जी रीत स्वीकारली ती समजावयास अगदी सोपी होती. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्याशी उभे राहून जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करणारी एक रेषा वर काढावयाची. समोरची इमारत त्या रेषेच्या आड येत नसेल तर खोली राहण्यास योग्य, येत असेल तर अयोग्य. ह्या कोनाची स्पर्शज्या जवळजवळ २ असल्यामुळे नियमाचा व्यवहारातील अर्थ असा होई की, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक असू नये. ५० फूट उंचीच्या चाळीसमोर २५ फूट जागा मोकळी हवी. ४५ अंशांच्या नियमाप्रमाणे उंचीइतकी जागा सोडावी लागते. त्या मानाने हा नियम सौम्यच होता, आणि मुंबईच्या अक्षांशावर सूर्य वर्षातील बराच काळ माथ्यानजीक चढत असल्याने ती सौम्यता अशास्त्रीयही नव्हती.

ह्या नियमाचे महत्त्व त्यातील अंशांत नाही. माप कोठून घ्यावयाचे हे त्याने निश्चित केले, यात ते आहे. मोजणीचा आरंभ तळमजल्यावरील खोलीपासून, म्हणजे इमारतीतील सर्वांत गरीब रहिवाशापासून होई. १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर मुंबईत जो चटईक्षेत्र निर्देशांक आला त्याचा आरंभ भूखंडापासून होतो. बांधलेल्या सर्व मजल्यांचे क्षेत्रफळ भागिले भूखंडाचे क्षेत्रफळ, एवढाच त्याचा अर्थ. त्यात खोली नाही, खिडकी नाही आणि माणूसही नाही. पहिल्या मापाकडून दुसऱ्याकडे शहर कसे गेले, आणि नियमाला अपवाद म्हणून दिलेली सवलत हीच पुढे कारभाराची नित्याची रीत कशी झाली, हे पाहणे उद्बोधक ठरते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले, आणि पुढील दोन वर्षांत शहराची घडी विस्कटून गेली. १८९८ च्या कायद्याने स्थापन झालेली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही त्या साथीचे अपत्य होय. प्लेग अंधाऱ्या, ओलसर व कोंदट वस्तीतून उपजतो अशी त्या काळच्या अधिकाऱ्यांची दृढ समजूत होती. उंदरांवरील पिसवांमार्फत रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच वैद्याने त्याच १८९८ साली दाखवून दिले; परंतु ते सर्वमान्य होईपर्यंत ट्रस्टच्या योजना कागदावर उतरल्या होत्या. म्हणजे उजेडाचा आग्रह प्लेगपुरता चुकीच्या निदानावर उभा होता. क्षयाच्या बाबतीत मात्र तो अचूक होता, आणि ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर ह्यांनी पुढे आपला सारा भर क्षयावर व बालमृत्यूंवर दिला तो उगाच नव्हे. मुंबईतील घरांमधील उजेड व हवा ह्या विषयावर १९१२ साली आणि शहरातील लोकवस्तीच्या दाटीवर १९१४ साली त्यांनी केलेले विवेचन आजही वाचनीय आहे. त्यांची भाषा सनदी अधिकाऱ्याची असली तरी तक्रार एका हट्टी गणितज्ञाची वाटते.

ही तक्रार होती ती मुख्यतः म्युनिसिपालिटीविरुद्ध. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यातील बांधकामविषयक कलमांचा रोख मालकाच्या बाजूने होता. बांधकाम करू इच्छिणाऱ्याने कलम ३३७ अन्वये आयुक्तांस नोटीस द्यावी. आयुक्तांनी ठरलेल्या मुदतीत नापसंती न कळविल्यास त्याने काम सुरू करावे, अशी ती योजना होती. बांधणे हा हक्क, अडविणे हा अपवाद. ह्या विचारसरणीची एक गमतीची खूण आजच्या कारभारातही शिल्लक आहे : मुंबईत इमारतीस मंजुरी म्हणून जो कागद मिळतो आणि ज्याच्या आधारावर कोट्यवधींचे व्यवहार होतात, त्याचे नाव ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, म्हणजे नापसंतीची सूचना असे आहे. अटी पुऱ्या केल्या की नापसंती गळून पडते.

जुन्या शहरातील घराघरांमधून मैला वाहून नेण्यापुरती काही फुटांची घरगल्ली सोडलेली असे. मागच्या खोल्यांची खिडकी असलीच तर ती ह्या गल्लीत उघडे. साडेत्रेसष्ट अंशांची रेषा तेथे काढू गेल्यास ती समोरच्या तळमजल्याच्या भिंतीवरच आदळली असती. मग म्युनिसिपालिटीने आपले नियम कडक का केले नाहीत? उत्तर तिच्या रचनेत आहे. १८८८ च्या कायद्यान्वये कॉर्पोरेशनच्या ७२ सभासदांपैकी ३६ करदात्यांनी, १६ जस्टिस ऑफ द पीस ह्यांनी, २ विद्यापीठाच्या फेलोंनी आणि २ चेंबर ऑफ कॉमर्सने निवडावयाचे व १६ सरकारने नेमावयाचे असत. करदाता म्हणजे बव्हंशी घरमालक. ज्या नियमाने आपल्या भूखंडावरील भाड्याच्या खोल्या निम्म्या होतील तो नियम आपणच संमत करावा अशी त्याच्याकडून अपेक्षा करणे व्यर्थ होते. ट्रस्टच्या भूसंपादनाने तर दाटीला बक्षीसच मिळे. नुकसानभरपाई भाड्याच्या उत्पन्नावरून ठरत असल्यामुळे, जितकी माणसे अधिक कोंबलेली तितकी मालकाच्या पदरी पडणारी रक्कम मोठी.

तथापि ह्या वादात लोकनियुक्त संस्था खलनायक व सरकारनियुक्त संस्था उद्धारक असा सरळ निवाडा करता येत नाही. भाडेकरूच्या उजेडाचा कैवार घेणाऱ्या ट्रस्टनेच त्याचे राहते घर पाडले. नागपाडा, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड ह्या योजनांत हजारो गाळे गेले, आणि विस्थापितांपैकी पुष्कळजण लगतच्याच वाड्यांत व चाळींत शिरून तेथील दाटी वाढविते झाले. नियम जितका शुद्ध तितका त्याचा पहिला बळी गरीब, हा अनुभव मुंबईला तेव्हापासूनचा आहे. ज्याच्या नावाने हा वाद चालला होता त्या भाडेकरूला मात्र मत नव्हते. १९२२ साली दरमहा १० रुपये वा अधिक भाडे देणाऱ्यांस मताधिकार मिळाला, त्यातही गिरणी कामगारांची बहुसंख्या बाहेरच राहिली. प्रौढ मताधिकारावर पालिकेची निवडणूक झाली ती १९४८ मध्ये. नियम ठरविणारा वर्ग आणि नियमाखाली राहणारा वर्ग ह्यांची पन्नास वर्षे गाठ पडली नव्हती असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ट्रस्टचा नियम यशस्वी झाला तो जेथे ती स्वतः जमीनमालक होती तेथे. दादर-माटुंगा व शीव-माटुंगा योजनांत तिने भूखंड पाडून भाडेपट्ट्याने दिले आणि भूखंडाचा किती भाग व्यापावा, किती मजले चढवावेत ह्या अटी पट्ट्यातच घातल्या. साधारण एक-तृतीयांश भूखंडावर इमारत, तीन मजले, चारी बाजूंनी मोकळी जागा अशी ती ठेवण होती. हिंदू कॉलनी व पारशी कॉलनीतून आज फिरणाऱ्यास जी सावली व जी हवा जाणवते ती ह्या अटींची देणगी होय. पण तेथे आलेला रहिवासी गिरणगावातील नव्हता; तो कारकून, शिक्षक, वकील, व्यापारी असा मध्यमवर्गीय होता. उजेड मिळाला, मात्र तो भाडे परवडणाऱ्यास. १९२० साली निघालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने ५०,००० गाळ्यांचा संकल्प सोडून अखेरीस वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. प्रत्येकी ८० खोल्यांप्रमाणे हिशेब १६,५६० खोल्यांवर थांबतो. ह्या बी.डी.डी. चाळींची बांधणी तुरुंगासारखी म्हणून नावाजली गेली, पण दोन चाळींमधील पटांगणे ऐसपैस होती हे सांगावयाचे राहून जाते. १९३३ मध्ये ट्रस्टच कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले ते दोन कायद्यांनी. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धकाळातील टंचाईत ते अपरिहार्य होते. मात्र तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा अर्धशतक टिकला, मालकाने डागडुजी सोडून दिली आणि खरा बाजार पागडीच्या रूपाने चोरवाटेने चालू राहिला. दुसरा १९५४ चा नगररचना कायदा. ह्याने प्रत्येक नगरपालिकेस संबंध क्षेत्राचा विकास आराखडा करणे बंधनकारक केले. १९५० व १९५७ मध्ये हद्द वाढून मुलुंड-दहिसरपर्यंत पसरलेल्या बृहन्मुंबईचा असा आराखडा १९६४ साली सादर झाला व १९६७ मध्ये मंजूर झाला.

ह्या आराखड्याने चटईक्षेत्र निर्देशांक आणला. बेटावरील बहुतेक भागास १.३३, उपनगरांस सामान्यतः १.०० असे ते आकडे स्थिरावले. एक-तृतीयांश भूखंड व चार मजले ह्यांचा गुणाकार १.३३ येतो हे लक्षात घेतले म्हणजे दादर-माटुंग्याच्या आदर्शाची छाया त्यावर आहे असे वाटू लागते. हेतू शहराची दाटी कमी करण्याचा होता. १९५९ च्या बर्वे अभ्यासगटापासून उद्योग व वस्ती बेटाबाहेर हलविण्याची भाषा चालू होती, आणि १९७० मध्ये नव्या मुंबईसाठी सिडको स्थापन झाली. ह्याच काळात समुद्र हटवून घडविलेल्या नरिमन पॉइंटवर मात्र ४.५ पर्यंत निर्देशांक देण्यात आला. जमीन शासनाची होती. दाटी कमी करण्याचे धोरण ज्यांनी लिहिले त्यांनीच स्वतःच्या भूखंडापुरते ते बाजूस ठेवले, आणि आकडा हा तत्त्वाचा नसून सौद्याचा विषय होऊ शकतो हा धडा शहराला पहिल्याच दिवशी मिळाला.

निर्देशांकाने दाटी मोजली जाते हा एक रूढ गैरसमज आहे. एक हेक्टर भूखंडावर १.३३ ह्या दराने १३,३०० चौ. मीटर बांधकाम होते. शंभर चौ. मीटरचा एक ह्याप्रमाणे त्यात १३३ कुटुंबे राहतील, पंचवीस चौ. मीटरचा एक ह्याप्रमाणे ५३२. निर्देशांक तोच, दाटी चौपट. रस्त्यावरील माणसे, नळाचे पाणी, मैलापाणी, शाळेतील जागा ह्यांचा संबंध दुसऱ्या आकड्याशी असतो. चटईक्षेत्र वाढवावे की नाही ह्यावर मुंबईत अर्धशतक जो वाद झाला तो मात्र पहिल्याविषयीच. शिरीष पटेल ह्यांच्यासारख्या स्थापत्य अभियंत्याने हा भेद वारंवार दाखवून दिला, परंतु आराखड्यांच्या भाषेत तो फारसा मुरला नाही.

नव्या मापाचा सर्वांत विचित्र परिणाम जुन्या वस्तीत दिसला. गिरगाव, भुलेश्वर, मांडवी येथील चाळी निर्देशांकाच्या जन्मापूर्वीच्या. चौक वजा जाता भूखंड व्यापणारी चार मजली चाळ घेतली तर तिचा निर्देशांक तीनच्या आसपास भरतो. ती पाडून १.३३ ने बांधावयाचे ठरविल्यास निम्म्याहून अधिक भाडेकरू कोठे जाणार? मालकाला बांधण्यात लाभ नाही, भाडेकरूला जाण्यास जागा नाही, भाड्यातून दुरुस्ती होत नाही. मग इमारत पावसाळ्याची वाट पाहत उभी राहते. १९६९ च्या कायद्याने ह्या घरांच्या दुरुस्तीसाठी उपकर बसवून एक मंडळ नेमले. त्या वेळी उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती, आणि त्यांपैकी १६,५०२ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. दुरुस्तीने भागेना, तेव्हा निर्देशांकच वाढवून देण्याचा मार्ग निघाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) हा नियम त्यासाठीच होता, आणि १९९९ साली त्यात २.५, अथवा जुन्या रहिवाशांस लागणारे क्षेत्र अधिक त्याच्या निम्मे, ह्यांतील जे अधिक ते, अशी वाढ झाली. पुनर्बांधणीचा खर्च शासनाने किंवा पालिकेने न उचलता वरच्या मजल्यांच्या विक्रीतून काढावयाचा, हे तत्त्व येथे पक्के झाले. एरव्ही निर्बंध म्हणून आलेला आकडा आता चलन झाला. १९९१ च्याच नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्काची व्यवस्था करून हे चलन एका भूखंडावरून दुसऱ्यावर नेण्याची सोयही केली.

ह्याच नियमावलीत एक छोटेसे कलम होते, ६४(ब). विशिष्ट प्रकरणी स्पष्टपणे दिसून येणारी अडचण होत असेल तर आयुक्तांनी कारणे लेखी नमूद करून नियमांतील मापे शिथिल करावीत, मात्र निर्देशांकाला हात लावू नये आणि आरोग्य, अग्निसुरक्षा व इमारतीचे स्थैर्य ह्यांस बाध येऊ देऊ नये, अशी त्याची मर्यादा होती. कलम शहाणपणाचे आहे. तिरप्या भूखंडाला, अरुंद तोंडाच्या वाडीला सरळ नियम लावला तर अन्यायच होतो. परंतु कोणते माप अढळ व कोणते लवचीक मानले ते पाहण्यासारखे आहे. निर्देशांक अस्पर्श, दोन इमारतींमधील मोकळी जागा मात्र शिथिल करण्याजोगी. ऑर ह्यांनी हा क्रम नेमका उलटा लावला असता.

निर्देशांकाच्या अढळपणाचा अनुभव काहींना आला हे खरे. दक्षिण मुंबईतील ३६ मजली ‘प्रतिभा’ इमारतीत मंजुरीपेक्षा अधिक चटईक्षेत्र वापरल्याबद्दल वरचे ८ मजले पाडण्याचा पालिकेचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली कायम केला. असा निर्णय गाजतो तो विरळा असतो म्हणून. मोकळ्या जागेची तूट मात्र नित्याचीच झाली. वास्तुविशारदाने तुटीचा तक्ता जोडून अर्ज करावा, आयुक्तांनी अडचण मान्य करावी आणि तुटीच्या प्रमाणात अधिमूल्य भरून घ्यावे, अशी वहिवाट रूढ झाली. उजेडाच्या कमतरतेला दर ठरला. ज्याने ती रक्कम भरली तो विकासक इमारत विकून निघून गेला. ज्याच्या खिडकीसमोर भिंत आली तो त्या व्यवहारात पक्षकारच नव्हता.

छज्जे, फुलझाडांचे कट्टे, पोकळ्या ह्या बाबी निर्देशांकातून वगळण्याच्या सवलतीचा इतका सर्रास वापर होऊ लागला की, २०१२ साली पालिकेने त्या बहुतेक सर्व निर्देशांकात धरल्या आणि त्याऐवजी निवासी बांधकामास ३५ टक्के ‘फंजिबल’ चटईक्षेत्र अधिमूल्यावर देऊ केले. एका दृष्टीने हा सुधार होता : आयुक्तांच्या मर्जीवरील सूट जाऊन सर्वांना लागू असा उघड दर आला. दुसऱ्या दृष्टीने, जे आजवर अपवाद म्हणून मागावे लागे ते आता विकत घेण्याचा हक्क झाला. २०१७ मध्ये जकात बंद झाल्यावर बांधकामाच्या शुल्कांवर पालिकेची भिस्त अधिकच वाढली, आणि २०१८ साली मंजूर झालेल्या २०३४ पर्यंतच्या आराखड्यात मूळ निर्देशांक १.३३ व १.०० असाच ठेवून त्यावर रस्त्याच्या रुंदीनुसार अधिमूल्याचे व हस्तांतरित हक्कांचे थर चढविण्यात आले. पायाचा आकडा जुना राहिला तर वरचे सारे विकता येते, हे त्यामागचे गणित लपून राहण्यासारखे नाही. २०२१ मध्ये बांधकाम व्यवसायाला उभारी म्हणून शासनाने ही अधिमूल्ये वर्षअखेरपर्यंत निम्मी केली. नियमापासूनच्या सुटीवर अशी सूट मिळाली.

ह्या सवलतींची शेवटची पायरी झोपडपट्टी पुनर्वसनात आढळते. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या झोपडीधारकास २२५ चौ. फुटांचे घर विनामूल्य, विकासकाला विक्रीसाठी त्या प्रमाणात चटईक्षेत्र, आणि निर्देशांकाची मर्यादा २.५ अशी मूळ योजना होती. इतरत्र नियम दाटीची कमाल मर्यादा घालतात. येथे पुनर्वसनाच्या भूखंडावर हेक्टरी किमान ५०० गाळे बसलेच पाहिजेत असा नियम होता. मोकळ्या जागांच्या अटी ह्या योजनांसाठी आधीच शिथिल केल्या होत्या, म्हणजे प्रत्येक प्रकरणी अडचण दाखविण्याचेही कारण उरले नाही. पक्के घर, नळ, शौचालय व मालकीचा कागद हे ज्यांना प्रथमच मिळाले त्यांच्या दृष्टीने ही योजना क्षुल्लक नव्हती, हे तिच्या टीकाकारांनी विसरू नये. पण तिचे गणित उजेडाच्या विरुद्ध बसविलेले होते. पुनर्वसनाची इमारत जितक्या थोड्या जागेत उरकेल, तितकी विक्रीच्या इमारतीस जागा अधिक मिळे. आणि जेथे मोबदला हस्तांतरणीय हक्कांच्या रूपाने मिळे तेथे त्याच भूखंडावर जितके गाळे अधिक तितके हक्क अधिक.

गोवंडी-मानखुर्द परिसरात रेल्वे व रस्ते प्रकल्पांतील विस्थापितांसाठी लल्लूभाई कंपाउंड व नटवर पारेख कंपाउंड ह्या वसाहती अशाच शिथिल नियमांखाली उभ्या राहिल्या. सात-आठ मजल्यांच्या इमारती आणि दोहोंमध्ये अनेक ठिकाणी सुमारे तीन मीटरचे अंतर. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ह्या संस्थेने केलेला व २०१८ साली पुढे आलेला एक अभ्यास ह्या दोन वसाहतींची तुलना जवळच्याच, कमी उंचीच्या व मोकळ्या मांडणीच्या पी.एम.जी. कॉलनीशी करतो. पहिल्या दोहोंत क्षयाचे रुग्ण असलेली घरे तिसरीच्या मानाने कितीतरी अधिक आढळली, आणि खालच्या मजल्यांवर धोका वाढलेला दिसला. घरात पोचणारा दिवसाचा उजेड, वायुवीजन आणि खिडकीतून दिसणाऱ्या आकाशाचे प्रमाण ही मापे संशोधकांनी त्यासाठी घेतली होती. २.५ ह्या निर्देशांकाचे पालन झाले होते किंवा नाही, हा प्रश्न त्या अभ्यासात उद्भवलाच नाही.